वस्तू ठेवायची, पण फरकाचे पैसे परत हवेत

वर्णन एक आणि हातात आलेली वस्तू वेगळीच, असं झालं की बहुतेकांना दोनच वाटा दिसतात. परत पाठवा, नाहीतर गप्प बसा. कायद्यात तिसरी वाट आहे. वस्तू ठेवून घ्यायची, आणि वर्णनाप्रमाणे असती तर तिची जी किंमत झाली असती आणि प्रत्यक्षात आली तिची जी किंमत आहे, त्यातला फरक मागायचा.

ही वाट कामाची कधी? टेबल तीन मजले चढवून, सुताराकडून जोडून झालंय. गीझर भिंतीवर बसलाय. साडीला फॉल-पिको झालंय. किंवा परत पाठवायची सात दिवसांची मुदत उलटून गेली आणि मग कळलं की ‘सॉलिड शीशम’ म्हणून विकलेल्या टेबलाची फळी आतून दाबलेल्या भुशाची आहे. वस्तू वापरण्याजोगी आहे, फक्त तिचे पैसे जास्त घेतलेत. अशा वेळी परतीचा आग्रह धरण्यात कुणाचंच भलं नसतं. पण विक्रेता ‘सद्भावना म्हणून’ देऊ करतो ते दहा टक्के घेऊन गप्प बसणं त्याहून वाईट.

हक्क कुठून येतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला तर त्यात ‘अंशतः परतावा’ असे शब्द सापडत नाहीत, आणि कस्टमर केअरवाले नेमकं हेच सांगून वाटेला लावतात. मूळ आधार जुना आहे: मालविक्री कायदा १९३०. त्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही विक्रीतली गृहीत अट आहे. ती मोडली तर माल नाकारता येतो. माल स्वीकारून झाला असेल, तर कलम १३ नुसार साधारणपणे तो नाकारण्याचा हक्क संपतो, पण भरपाईचा हक्क उरतो. आणि कलम ५९ नेमकं सांगतं की अशा वेळी खरेदीदार किंमत कमी करून मागू शकतो किंवा नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. किंमत कमी करून घेतल्यावरही आणखी नुकसान झालं असेल, तर त्यासाठी वेगळी मागणी करता येते.

म्हणजे ‘तुम्ही माल ठेवून घेतलात, आता हक्क गेला’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. परत करण्याचा हक्क गेला असेल. फरकाचा गेलेला नाही.

माल कमी भरला असेल तर कलम ३७ लागतं. कमी आलेला माल नाकारता येतो. ठेवून घेतला तर जेवढा आला तेवढ्याचेच पैसे, ठरलेल्या दराने. सहा खुर्च्यांच्या सेटमध्ये पाच आल्या, तर एका खुर्चीचे पैसे हा उपकार नाही, हिशेब आहे.

आता २०१९ च्या कायद्याकडे येऊ. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या कलम २(१०) मध्ये आहे आणि ती खूप व्यापक आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने जे असायला हवं, त्यात उणीव असेल तर तो दोष. म्हणजे टेबल भक्कम आहे, डुगडुगत नाही, हे उत्तर चालत नाही. शीशम म्हटलं होतं आणि शीशम नाही, एवढ्यानेच दोष सिद्ध होतो. खोटा दर्जा, खोटं मॉडेल सांगणं, जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं, हे कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. त्याच कलमात दोष असलेला माल परत घेऊन पैसे देण्याची मुदतही आहे: बिलावर दिलेली, आणि बिलावर काहीच नसेल तर ३० दिवस. बिलाखाली छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीने चुकीच्या वर्णनाची जबाबदारी टळत नाही. दोन्ही कायदे एकत्र वापरता येतात, कारण कलम १०० प्रमाणे ग्राहक कायदा बाकीच्या कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी २३ जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियमही आहेत. नियम ६(३) विक्रेत्याला बांधतो: जाहिरात केलेले किंवा ठरलेले गुणधर्म मालात नसतील, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. तुम्हाला परतच करायची असेल, तर ‘वस्तू ठेवा आणि २० टक्के घ्या’ अशी सक्ती विक्रेता करू शकत नाही. निवड आधी तुमची.

उलट, विक्रेत्याने लगेच स्वखर्चाने वस्तू नेऊन पूर्ण पैसे द्यायची तयारी लेखी दाखवली आणि तरीही तुम्ही फरकावरच अडून बसलात, तर पुढे ग्राहक आयोगासमोर त्याचं कारण सांगावं लागतं. बसवून झालेली वस्तू, दरम्यान वाढलेली किंमत, दुसरी मिळेपर्यंतची अडचण ही कारणं टिकतात. नुसतं ‘मला हेच हवंय’ टिकणं कठीण.

आधी खात्री करा की वर्णन खरंच खोटं आहे

बऱ्याच तक्रारी इथेच फसतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला मोजून १२-१३ हजारच देते, म्हणून लोक भांडतात. पण तो आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टवर, म्हणजे ७४ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्ट करताना आकडा आपोआप घटतो आणि थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. वेष्टनावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ वेगळी दिलेली असते. तुलना तिच्याशी करायची. तसंच एक टीबीची डिस्क संगणकावर ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ही फसवणूक नाही.

पण १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह ३० जीबीनंतर फायली खराब करत असेल, तर ती नक्कीच फसवणूक. अशा बनावट ड्राइव्हमध्ये संगणकाला १२८ दिसावं अशी सोय केलेली असते, त्यामुळे नुसता दिसणारा आकडा पुरावा नाही. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ सारखं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. त्या निकालाचा स्क्रीनशॉट हा पुरावा.

लाकडाचं बघायचं तर टेबल उलटं करून फळीची कड आणि स्क्रूचं भोक तपासा. सलग लाकडात वरच्या रेषा कडेवरही पुढे जातात. वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा असेल तर रेषा काठावर तुटतात आणि भोकातून एकसारखा, पिठासारखा भुसा निघतो. कापडाचा काठातून एक धागा काढून जाळून बघता येतो: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ही घरगुती चाचणी तुमच्या खात्रीसाठी. दाव्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

मोबाइलवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहा. ‘नवा’ म्हणून काल आलेल्या फोनची वॉरंटी आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेली असेल, तर पुढे फार बोलायची गरज उरत नाही.

वजनाबाबत एक सूट आहे. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांत ठरावीक फरक मान्य केलेला आहे. एक किलोच्या पाकिटाला तो १५ ग्रॅम. त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार होते.

आणि शब्द नीट वाचा. ‘शीशम फिनिश’, ‘लेदर लुक’, ‘सिल्क ब्लेंड’, ‘गोल्ड प्लेटेड’ या प्रत्येकात दुसरा शब्द पहिल्याला कापतो. पण शीर्षकात ठळक ‘शीशम टेबल’, चित्रात लाकडाचा क्लोजअप आणि तळाशी कुठेतरी ‘फिनिश’, असं असेल तर सोडू नका. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून ते मांडता येतं.

पुरावा: पान बदलायच्या आत

तक्रार गेली की काही विक्रेते वर्णन गुपचूप दुरुस्त करतात. म्हणून तक्रारीचं बटण दाबायच्या आधी वस्तूचं संपूर्ण पान पीडीएफ करून ठेवा: शीर्षक, ठळक मुद्दे, तपशिलाचा तक्ता, सगळी चित्रं, आणि ग्राहकांच्या प्रश्नांना विक्रेत्याने दिलेली उत्तरं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. ‘हे पूर्ण लाकडी आहे का?’ ‘हो सर, १०० टक्के’, ही विक्रेत्याची स्वतःची ओळ सगळ्यात जड पडते. ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी दिसेल अशी तारखेसह चित्रं काढा. वेबॅक मशीन या, पानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर पान जतन करता आलं तर उत्तम, कारण ती नोंद तुमच्या हातातली नसते. ऑर्डरच्या ईमेलमध्ये बहुधा नुसतं शीर्षक असतं. तेवढ्यावर विसंबू नका.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर दावा बाद, असं कंपन्या सांगतात. कायद्यात अशी अट नाही. असेल तर मात्र काम सोपं होतं. खोक्यावरच्या कुरिअरच्या पट्टीपासून वस्तूच्या सिरियल नंबरपर्यंत सगळं एकाच सलग चित्रणात असावं.

बिल कुणाच्या नावावर आहे हेही बघा. घरच्या टीव्हीचं बिल जीएसटी क्रमांक टाकून फर्मच्या नावाने घेतलं, की पुढे समोरचा म्हणतो, ही व्यापारी कारणासाठीची खरेदी, हे ग्राहकच नाहीत. कलम २(७) मध्ये व्यापारी हेतू खरोखरच वगळलेला आहे. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू चालते, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

किती मागायचे

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आकडा हिशेबाने मांडलेला नसेल तर विक्रेता स्वतःचा आकडा सांगतो, आणि तो नेहमी लहान असतो.

समजा टेबलाला २४,००० रुपये दिले. खरं सॉलिड शीशमचं तसंच टेबल बाजारात ३०,००० ला आहे. तुम्हाला सवलतीत मिळालं. आलं ते भुशाच्या फळीचं, जे बाजारात १२,००० ला मिळतं. याच माहितीवरून तीन वेगळे आकडे निघतात.

दिलेले पैसे वजा मिळालेल्या वस्तूची किंमत: २४,००० उणे १२,०००, म्हणजे १२,०००. यात तुमचा चांगला सौदा विक्रेत्याच्या खिशात जातो.

प्रमाणाने कपात: आलेली वस्तू खऱ्या वस्तूच्या ४० टक्के किमतीची आहे, मग तुम्ही दिलेल्याच्या ४० टक्केच द्यावेत, म्हणजे ९,६००. परत १४,४००.

करारभंगाची भरपाई: वर्णनाप्रमाणे असती तर ३०,००० ची वस्तू हाती असती, आहे ती १२,००० ची. फरक १८,०००. करार कायदा १८७२ च्या कलम ७३ चं तत्त्व हेच, की करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला पैशाने आणून ठेवायचं.

माझं मत असं: तडजोडीच्या बोलण्यात १४,४०० धरून चाला, कारण तो आकडा समोरच्याला पटवणं सोपं जातं. १२,००० च्या खाली उतरू नका. प्रकरण आयोगाकडे गेलं तर १८,००० मांडा, पण ३०,००० चा पुरावा पक्का असेल तरच. संकेतस्थळावरची खोडलेली ‘एमआरपी’ हा पुरावा नाही. ती फुगवलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच आठवड्यातली, त्याच मापाच्या, खऱ्या लाकडाच्या टेबलांची दोन-तीन दुकानांची लेखी कोटेशनं घ्या. आलेल्या टेबलाच्या किमतीसाठीही तसंच करा. तुमच्या विरुद्ध जाणारा आकडाही तुम्हीच प्रामाणिकपणे दिलेला असला, की बाकीच्या हिशेबाला वजन येतं.

वस्तूत एखादा भागच कमी असेल, तर एवढा खटाटोप नको. चार्जर नाही आला, तर कंपनीच्या त्याच चार्जरची किंमत आणि कुरिअर खर्च, संपलं.

सगळ्या किमती करासकट धरा. इथे एक ठरलेली सबब येते: ‘जीएसटी सरकारला भरला, तो आम्ही देऊ शकत नाही.’ देऊ शकतात. माल उणा निघाला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली विक्रेता क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम घटवणारा कागद, काढून आपला कर कमी करून घेऊ शकतो. मुदत असते विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. १८ टक्के कर असेल तर १४,४०० मध्ये मूळ रक्कम १२,२०३ आणि कर २,१९७. नुसते १२,२०३ आले तर हिशेब अपुरा आहे.

सोन्याचा हिशेब कायद्यानेच करून ठेवलाय

हॉलमार्कच्या दागिन्यात फरकाची रक्कम काढायची पद्धत नियमातच आहे, म्हणून हे थोडं सविस्तर. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) २०१८ च्या नियमांतल्या नियम ४९ प्रमाणे हॉलमार्क असलेल्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर शुद्धतेतल्या तुटीची जी रक्कम होते तिच्या दुप्पट भरपाई आणि शिवाय तपासणीचा खर्च द्यावा लागतो.

२० ग्रॅमची बांगडी, शिक्का २२के९१६, म्हणजे २२ कॅरट, हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं. तपासणीत निघालं ८७५. तूट हजारी ४१, म्हणजे २० ग्रॅमवर ०.८२ ग्रॅम शुद्ध सोनं. हिशेबापुरता शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० धरला, तर तूट ८,२०० ची, भरपाई १६,४०० आणि वर तपासणी शुल्क. बांगडी तुमच्याकडेच राहते.

यासाठी बिलावर वजन, कॅरट आणि शुद्धता, आणि दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, हवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या केंद्रात, कोणत्या शुद्धतेचा, कसला दागिना नोंदलाय ते दिसतं. बांगडीवरचा क्रमांक टाकल्यावर ‘अंगठी’ आली, तर तिथेच थांबा. तपासणी बीआयएसमान्य केंद्रातच करा. सोनाराच्या ओळखीच्या यंत्रावरचा कागद उपयोगाचा नाही.

वर्णनापेक्षा कमी मिळाल्यावर ठरलेल्या पद्धतीने पैसे परत येण्याचं आणखी एक उदाहरण फ्लॅटचं आहे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नमुना करारात चटई क्षेत्रात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीत धरलाय, आणि क्षेत्र कमी भरलं तर जादा घेतलेली रक्कम विकासकाने ४५ दिवसांत व्याजासह परत करायची असते. ताबा घेताना मोजमाप करून घेणारे मात्र थोडेच.

मागणी कशी लिहायची

ॲपमधल्या तक्रारीत कारण निवडताना ‘वर्णनाशी जुळत नाही’ हेच निवडा. ‘आवडलं नाही’, ‘आता गरज नाही’ असं काही निवडलंत की तो तुमचाच कबुलीजबाब होऊन बसतो. फोनवरचं बोलणं लगेच ईमेलने कळवा: आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीने असं सांगितलं.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, अशी मुदत आहे. पत्र लांब नको, राग तर अजिबात नको. साधारण असं:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम २४,००० रुपये. पानावरील वर्णन: सॉलिड शीशम लाकूड (प्रत सोबत). मिळालेली वस्तू: इंजिनिअर्ड लाकूड, वर पापुद्रा (छायाचित्रे १ ते ४ सोबत). वस्तू जोडून झाली आहे, त्यामुळे मी ती ठेवून किमतीतील फरक मागत आहे. हिशेब सोबतच्या पानावर आहे. रक्कम १४,४०० रुपये, मूळ ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात, १५ दिवसांत जमा करावी. तोपर्यंत वस्तू नाकारण्याचे व इतर सर्व हक्क मी राखून ठेवत आहे.’

परतही चालणार असेल, तर दोन्ही पर्याय द्या: स्वखर्चाने घेऊन जा आणि पूर्ण पैसे द्या, किंवा फरक द्या. यात तुमचा समंजसपणा कागदावर येतो. मात्र ते खरंच घेऊन गेले तर चालेल का, हे आधी घरात ठरवा.

उत्तर म्हणून बहुधा कूपन, वॉलेटमधले पॉइंट किंवा छोटी रक्कम येते, आणि खाली एक ओळ: ‘स्वीकारल्यास तक्रार पूर्णपणे निकाली.’ इथे सगळ्यात जास्त दावे मरतात. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कमी रक्कम पूर्ण समाधानापोटी स्वीकारली, तर उरलेला हक्क सुटतो. म्हणून ‘मान्य’ दाबू नका. पैसे न विचारता खात्यात आलेच, तर त्याच दिवशी कळवा: ‘२,४०० रुपये दाव्याच्या अंशतः पूर्ततेपोटी, उर्वरित १२,००० चा हक्क राखून स्वीकारले.’

कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेकरवी पैसे परत, मागता येतो. मुदत साधारण १२० दिवसांची. विवादित रक्कम पूर्ण बिलाची न लिहिता फरकाचीही लिहिता येते. पण बहुतेकदा बँक विचारते की वस्तू परत करायचा प्रयत्न केलात का, म्हणून ते दोन पर्यायांचं पत्र इथेही उपयोगी पडतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार जरूर नोंदवा. मोठ्या कंपन्यांची प्रकरणं तिथे पुष्कळदा मिटतात. ती आदेश देऊ शकत नाही, फक्त मध्ये पडते. आणि तिथे गेलेला वेळ आयोगाकडे तक्रार लावायच्या दोन वर्षांच्या मुदतीतून वजा होत नाही.

आयोगाकडे

वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता, त्या जिल्ह्यात तक्रार लावता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. ग्राहक कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारणासह माफीचा अर्ज. वकील लागतोच असं नाही.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते. ते १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं. तक्रार अर्ज, शपथपत्र, तारीखवार कागदांची यादी, बिल, पानाची पीडीएफ, पत्रव्यवहार, हिशेबाचं पान. स्क्रीनशॉट आणि ईमेल यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा म्हणजे त्यावर आक्षेप यायला जागा उरत नाही. सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) म्हणून विक्रेता आणि संकेतस्थळ चालवणारी कंपनी, दोघांनाही घाला. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे कंपनीचं उत्तर येणारच. विक्रेत्याकडून वर्णन खरं असल्याची हमी घेणं ई-कॉमर्स नियमांतल्या नियम ५ ने तिच्यावर टाकलंय, ते दाखवा.

मागणीत फरक स्पष्ट आकड्यात, पैसे दिल्याच्या तारखेपासून व्याज, तपासणीचा खर्च, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च. १४,४०० च्या फरकावर पाच लाखांची मानसिक त्रासाची भरपाई लिहिण्याचा मोह आवरा. त्याने मूळ हिशेबही संशयास्पद वाटायला लागतो. ‘परतावा किंवा फरक’ असं पर्यायी मागणं लिहिलेलं बरं, कारण कलम ३९ मध्ये किंमत परत आणि भरपाई ही वेगवेगळी कलमं आहेत आणि आयोगाला दोन्हीपैकी एक निवडायला मोकळीक राहते.

लाकूड, कापड, धातू यांसारखा डोळ्यांना न दिसणारा दोष असेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. शुल्क आधी तक्रारदाराने भरायचं, अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित. म्हणून तोपर्यंत वस्तूला पॉलिश, दुरुस्ती, धुणं काही करू नका.

सामनेवाल्याला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलंय. ४६ व्या दिवशी आलेल्या जबाबाला हरकत घ्यायला विसरू नका. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने दिलेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मध्यस्थीचा पर्याय आला तर हिशेबाचं पान घेऊन बसा आणि जे ठरेल त्यात रक्कम, तारीख, खाते क्रमांक आणि उशीर झाल्यास व्याज, एवढं लिहून घ्या.

एका ठिकाणी हा रस्ता चालत नाही. शेजारच्या सोसायटीतल्या कुणी आपली जुनी सायकल किंवा लॅपटॉप विकला, तर तो व्यापारी नव्हे. ग्राहक आयोग तिथे उपयोगाचा नाही. मालविक्री कायद्याचं कलम १५ मात्र त्यालाही लागू आहे, फक्त दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो.

आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज असे दोन मार्ग आहेत. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड आहे, त्यामुळे ती नोटीस पोचली की कंपनीचा विधी विभाग सहसा फोन करतो. तेव्हाही तोंडी काही ठरवू नका. आदेशात सांगितलेल्या तारखेपासून पैसे जमा होण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज मोजून आकडा ईमेलने पाठवा, आणि पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच अर्ज मागे घ्या.